माझ्याच रक्ताची नळी

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षं रक्त काढते. सकाळी साडेसातला शटर वर जायच्या आत बाहेरच्या बाकावर उपाशीपोटी माणसं येऊन बसलेली असतात. निम्मी कर्नाटकातून आलेली. म्हाताऱ्या बायका हात पुढं करतात आणि तोंड भिंतीकडं फिरवतात. शीर डोळ्यांना दिसली नाही तरी बोटाला लागते, हे हळूहळू जमतं. आणि नळीवर नाव, तारीख, वेळ लिहिल्याशिवाय नळी हातातून खाली ठेवायची नाही, ही आमच्या थोरल्या डॉक्टरांची पहिल्या दिवसाची शिकवण. हे आधी सांगते, कारण पुढं जे घडलं ते मला या नळ्यांमुळंच उमगलं.

२०२३ च्या सुरुवातीला माझ्या जिभेच्या डाव्या कडेला एक चट्टा आला. दाढ टोचत असेल म्हणून महिनाभर दुर्लक्ष केलं. बायोप्सीत कॅन्सर निघाला.

माझी आजी चुलीवरच्या तव्यात तंबाखू भाजायची. काळी झाली की कुटून डबीत भरायची. मी चौथीत असताना दात ठणकत होता, तेव्हा तिनं मायेनं माझ्या हिरडीला बोटभर मशेरी लावली. ती पुढं कधी सुटलीच नाही. लॅबमध्ये इतकी वर्षं काम करूनही सुटली नाही. हे लिहिताना मान खाली जाते, तरी लिहायला हवं. आमच्याकडं डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" बायका मान हलवून "नाही" म्हणतात. खोटं नाही बोलत त्या. मशेरी म्हणजे तंबाखू हे त्यांच्या मनातच येत नाही.

पुण्यात ऑपरेशन झालं. जिभेचा तुकडा आणि मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी काढल्या. त्यातल्या दोन गाठींत रोग होता, म्हणून रेडिएशन ठरलं: ३० सिटिंग, किरणांची एकूण मात्रा ६० ग्रे, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. वेटिंगमधल्या बाया त्याला शेक म्हणायच्या. "तुमचे किती शेक झाले?" अशीच ओळख व्हायची. मीही धनकवडीला बहिणीकडं राहून शेक घेतले. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात, तो गार होऊन कडक होतो आणि रोज त्याच मुखवट्यात डोकं टेबलाला जखडतात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटलं. पाणीसुद्धा तिखट लागायचं. त्या दिवसांबद्दल इतकंच पुरे. ज्यांनी घेतलेत त्यांना ठाऊक आहे.

पहिल्या सिटिंगच्या आदल्या दिवशी एक तरुण मुलगी संमतीपत्र घेऊन आली. पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेचा अभ्यास होता. रेडिएशनआधी, मधे, शेवटी, आणि मग दोन वर्षांत ठरावीक अंतरानं रक्त आणि थोडी लाळ द्यायची. त्यातले एक्सोसोम वेगळे काढून, रोग परत येण्याची चाहूल त्यांत स्कॅनच्या आधी लागते का, हे त्यांना बघायचं होतं. कागद मराठीत होता. त्यात एक वाक्य ठळक होतं: या तपासणीचा निकाल सहभागी व्यक्तीला किंवा तिच्या डॉक्टरांना कळवला जाणार नाही.

"मग मला काय उपयोग?" हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान.

त्या मुलीनं सरळ सांगितलं, "काका, काकूंना कदाचित काहीच नाही."

या उत्तरामुळंच मी सही केली. इतकं खरं बोलणारं माणूस नळी नीट सांभाळेल असं वाटलं.

एक्सोसोम म्हणजे पेशीतून बाहेर पडणारी इवली पुडकी. ३० ते १५० नॅनोमीटर. आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी ज्या रुंदीची दिसते, तेवढ्या रुंदीत अशी सत्तरएक पुडकी ओळीनं बसतील. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी ती सोडते, कॅन्सरची पेशीही सोडते. पुडक्याच्या आत त्या पेशीतली प्रथिनं आणि आरएनएचे, म्हणजे पेशीच्या कामाच्या निरोपांचे, तुकडे असतात. ऊतीचा तुकडा न काढता रक्तातून रोगाचा माग घ्यायचा, म्हणून याला लिक्विड बायोप्सी म्हणतात.

या पुडक्यांचा शोध कसा लागला ते त्या मुलीनं सांगितलं आणि मला ती घरचीच गोष्ट वाटली. १९८० च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या रेटिक्युलोसाइटवर काम करत होते. रेटिक्युलोसाइट म्हणजे अजून पुरती न पिकलेली लाल पेशी. निळ्या रंगात रंगवून या पेशी मी हजारो वेळा मोजल्या आहेत. पिकता पिकता ही पेशी आपल्या अंगावरचं नको झालेलं प्रथिन बारीक पुडक्यांत बांधून बाहेर टाकते, हे त्यांना दिसलं. नाव एक्सोसोम पडलं. पुढं कितीतरी वर्षं ही पुडकी म्हणजे पेशीचा केर असंच लोक समजत होते. २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की यांतून आरएनए एका पेशीतून दुसरीत जातो आणि तिथं कामही करतो. तेव्हापासून कॅन्सरवाल्यांचं लक्ष यांच्याकडं वळलं.

तोंडाच्या कॅन्सरला अशा एखाद्या चाचणीची किती गरज आहे, हे मी लॅबच्या टेबलावरून बघितलंय. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या रोग्याला पीएसए आहे, रक्तातल्या एका प्रथिनाचा आकडा. रेडिएशननंतर तो जितका खाली उतरला, त्याच्यापेक्षा २ नॅनोग्रॅमनं वर चढला की रोग परतला असं धरायचं, असा ठरलेला निकष आहे. आमच्याकडं म्हातारे बाबा दर सहा महिन्यांनी येतात, आकडा विचारतात, खिशातल्या जुन्या कागदाशी ताडून बघतात. तोंडाच्या कॅन्सरला असा वापरातला आकडाच नाही. डॉक्टर बोटांनी जीभ चाचपतात, मान चाचपतात, दुर्बीण घालतात, शंका आली तर स्कॅन. रोग परत यायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो. आणि नेमकं त्याच काळात रेडिएशननं जीभ-मान इतकी कडक, सुजलेली असते, की हाताला काय लागतंय, व्रण की गाठ, हे सांगणं जाणत्यालाही कठीण. पेट स्कॅनसुद्धा रेडिएशननंतर साधारण १२ आठवडे थांबून करतात, कारण आधी केला तर बरी होत असलेली सूजच उजळून दिसते. या आंधळ्या पट्ट्यात रक्ताची एक नळी काही सांगू शकली, तर किती जणांच्या रात्री सुखाच्या होतील.

पण नळी. तिथंच सगळं अडतं.

पहिलं रक्त द्यायला गेले तेव्हा मी नुसती बघत होते. रात्रभर उपाशी ठेवलं होतं, कारण जेवणानंतर रक्तात चरबीचे कण वाढतात आणि ते या पुडक्यांच्याच मापाचे असल्यानं वेगळे काढता येत नाहीत. नळी जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची. हिरव्या टोपणाची हिपॅरिनवाली चालत नाही, ती पुढं आरएनए मोजायच्या पीसीआर चाचणीत खोडा घालते. पट्टी सैल बांधली आणि सुई शिरेत गेल्याबरोबर सोडून दिली. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी केली, हिसडली नाही. वेळ लिहिली. तासाभरात मशिनमध्ये फिरवली, वरचा पिवळा प्लाझ्मा काढून पुन्हा एकदा फिरवला, म्हणजे उरलेल्या प्लेटलेटही तळाला बसाव्यात. कारण बाहेर ठेवलेल्या रक्तात प्लेटलेट स्वतःच पुडकी सोडत बसतात आणि आपल्याला हवी असलेली चार त्या गर्दीत हरवतात. मग उणे ८० च्या फ्रीजरमध्ये.

पंधराव्या सिटिंगचं रक्त वेगळं वागणार, हे त्यांना आधीच माहीत होतं. किरणांचा मारा झालेल्या पेशी जास्त पुडकी सोडतात आणि त्यांच्या आतला मालही बदलतो. म्हणून मधल्या नळीत काही वाढलेलं दिसलं तर तो रोग नव्हे, उपचाराचा परिणाम असू शकतो. हीच गोष्ट मी पुढं भीतीपोटी विसरले.

तीन महिन्यांनी गेले तेव्हा रक्त पटकन झालं, लाळ होईना. रेडिएशननं लाळेच्या ग्रंथी सुकलेल्या. हातात छोटी कुपी धरून मी खुर्चीत मान खाली घालून बसले. २ मिलिलिटरची खूण होती. लिंबाचा विचार करा, त्या मुलीनं सांगितलं. मी कैरीचा केला, चिंचेचा केला, आजीच्या हातच्या आवळ्याच्या सुपारीचा केला. तोंडाला घट्ट पांढरा फेस यायचा, ओठाला चिकटायचा, खाली पडायचाच नाही. पन्नास मिनिटं लागली. पूर्वी पोळीचा घास तोंडात नुसता विरघळायचा, त्यामागं किती लाळ खर्ची पडत होती हे तेव्हा कळलं.

सहा महिन्यांच्या नळीला गडबड झाली. नेहमीची मुलगी रजेवर, नवीन पोरगा होता. माझ्या शिरा उपचारानंतर बारीक झाल्यात. त्यानं सिरिंजनं जोर लावून रक्त ओढलं आणि सुई न काढताच नळीच्या टोपणातून आत दाबलं. मी नळी फिरवून आणायला सांगितली. प्लाझ्मा गुलाबी. म्हणजे लाल पेशी फुटल्या, त्यांच्यातला आरएनए प्लाझ्म्यात मिसळला. मी म्हटलं, "बाळा, हे टाकून दे. दुसऱ्या हाताचं घे, बारीक बटरफ्लाय सुईनं, घाई करू नकोस." पोरगा घाबरला. मी त्याच्या हातावर हात ठेवून शीर दाखवली. दुसरी नळी स्वच्छ पिवळी आली. गुलाबी नळी तशीच पुढं गेली असती तर कुणाला कळलं असतं? कदाचित लाल पेशींतल्या मायक्रोआरएनए-४५१ या बारीक आरएनएच्या आकड्यावरून कळलं असतं, ते तो तपासतात. पण तोवर माझी सहा महिन्यांची नोंद गेली असती.

इतकं सगळं समजत असूनही नवव्या महिन्यात मी चुकले.

डाव्या जबड्यात दुखायला लागलं होतं. रात्री ठणका. पुढची तपासणी पाच आठवड्यांवर. माझा थोरला भाऊ, आण्णा, त्याच्या वाचनात एका खासगी लॅबची चाचणी आली: एक्सोसोमवर आधारित, रक्तातून कॅन्सर परतलाय का ते सांगणारी. वीस हजारांच्या घरात खर्च. "पैशाचं बघू नकोस, मी भरतो," आण्णा म्हणाला. अभ्यासवाले निकाल देत नव्हते आणि मला तर कळायलाच हवं होतं. शनिवारी सकाळी अकराला एक माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. मी त्याला चहा दिला. नळी कुठं फिरवणार, कधी फिरवणार, हे विचारलं नाही. रोज दुसऱ्यांना जे विचारते ते स्वतःसाठी विचारलं नाही. भीतीनं माणूस आपलं कसब विसरतं.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. वर एक पट्टा, हिरव्यापासून लालपर्यंत, आणि बाण लालात. खाली स्कोअर. वाढलेल्या गोष्टींत मायक्रोआरएनए-२१ होता. कॅन्सरची शक्यता जास्त, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

त्या रात्री मी देवघरासमोर बसून राहिले. मुलगी दहावीला होती. तिच्या दप्तराकडं बघत होते.

दोन दिवसांनी पुण्याला रेडिएशनच्या मॅडमकडं गेलो. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाऊन उजाडेपर्यंत स्टेशनवरच बसलो होतो. मॅडमनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला, हातमोजे घातले. जीभ सगळीकडून चाचपली, मान चाचपली, दुर्बीण घातली. मग म्हणाल्या, "या कागदावरून मी काही ठरवणार नाही. पण तुमचं दुखणं खरं आहे, त्याचा शोध घेऊ." पेट स्कॅन झाला. डावा जबडा उजळलेला निघाला. तो फोटो बघितल्यावर ह्यांचा धीर सुटला. मॅडमनी मात्र मला तडक दातांच्या डॉक्टरांकडं धाडलं. जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. खालच्या दाढेच्या मुळाशी पू धरलेला होता.

लाळ नसली की दात झपाट्यानं किडतात. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात उपटायचीही चोरी, हाड बरं न होता सडायची भीती असते. म्हणून दाढ ठेवून रूट कॅनाल केलं, औषधं दिली. आठवड्यात ठणका थांबला. दोन महिन्यांनी एमआरआय झाला, जीभ आणि मान साफ होती. मायक्रोआरएनए-२१ कॅन्सरमध्ये वाढतो तसा सुजेतही वाढतो. माझ्या तोंडात सूज होतीच.

मग डोकं ताळ्यावर आलं आणि मी माझ्या नळीचा माग काढला. कुरिअरच्या नोंदीत दिसलं: शनिवारी अकराला रक्त काढलं, मधे रविवार, सोमवारी दुपारी लॅबमध्ये पोचलं. पन्नास तास रक्त तसंच, न फिरवता, बर्फाच्या पाकिटांशेजारी. त्या लॅबला फोन करून विचारलं, प्लाझ्मा कधी वेगळा केला, त्याचा रंग कसा होता. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सॅम्पल ॲक्सेप्टेबल होतं." दोनदा विचारलं, दोनदा तेच. माझ्या रेडिएशनआधीच्या रक्ताशी तुलना केली का? तर ते त्यांच्याकडं नव्हतंच. मला राग पैशाचा आला नाही. माझी मुलगी त्या महिन्यात रोज रात्री उठून माझ्या अंथरुणाशी येऊन बघायची, त्याचा आला.

वर्षाच्या नळीला गेले तेव्हा हे सगळं त्या मुलीला सांगितलं. ती ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, आमचं काम बघायचंय?" आणि तिच्या वरिष्ठांना विचारून मला आत घेऊन गेली.

अल्ट्रासेंट्रिफ्यूज म्हणजे आमच्या मशिनचा आजोबा. गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोरानं फिरवतं. समोरासमोरच्या नळ्या तराजूवर एकेक थेंब घालून सारख्या वजनाच्या केल्या. आतली हवा काढून घेतली. तास-सव्वातास मशीन घुमत राहिलं. नळ्या बाहेर काढल्या, मी उजेडाकडं धरून बघितलं. तळाशी काहीच नाही.

"आहे," ती म्हणाली. तिनं फिरवायच्या आधी नळीच्या एका बाजूला मार्करनं बारीक टिंब काढून ठेवलं होतं. पुडकी त्या टिंबामागं चिकटून बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तिनं टिंब बघत बघत पिपेटनं थोडं द्रव तिथंच हळूहळू पाच-सहा वेळा वरखाली केलं आणि धुऊन घेतलं. दिसत नसलेल्या गोष्टीसाठी इतका संथ हात मी माझ्या धंद्यातही फार कमी जणांचा बघितलाय. नंतर त्यातला अर्धा भाग कण मोजायला, आणि सीडी९, सीडी६३, सीडी८१ या खुणांची प्रथिनं आहेत का बघायला गेला. ती नसतील तर हाती आलंय ते एक्सोसोम आहेत असं म्हणता येत नाही.

मी तिला विचारलं, हे कधी आमच्या लॅबपर्यंत येईल? ती म्हणाली, लघवीतल्या एक्सोसोमवर प्रोस्टेटची एक चाचणी अमेरिकेत वापरतात, पण ती बायोप्सी करावी की नको हे ठरवायला, म्हणजे निदानाच्या आधी. रेडिएशननंतर पाळत ठेवायची ही वेगळी वाट आहे. त्यासाठी एकाच माणसाच्या ओळीनं नळ्या लागतात, सारख्या पद्धतीनं काढलेल्या, आणि त्यातल्या काही जणांचा रोग परत आलेला लागतो. हे शेवटचं ती अडखळत बोलली. माझ्याबरोबर सही केलेल्या, मुखवट्याच्या रांगेत माझ्या पुढं बसणाऱ्या इस्लामपूरच्या बाई आता नाहीत. त्यांच्याही सहा महिन्यांपर्यंतच्या नळ्या त्या फ्रीजरमध्ये आहेत. माझ्या आणि त्यांच्या नळ्या शेजारी ठेवल्या की फरक कुठं सुरू झाला ते कदाचित दिसेल. त्या फ्रीजरजवळून जाताना मी हात जोडले.

आता लोक मला विचारतात, आमच्या लॅबमध्येही विचारतात, ताई, अशी रक्ताची चाचणी करून घेऊ का? मी तीन गोष्टी विचारायला सांगते. रक्त काढल्यापासून किती तासांत फिरवणार? तुमच्या आधीच्या रक्ताशी ताडणार का? आणि आकडा वर आला तर तुमचे डॉक्टर वेगळं काय करणार? तिसऱ्याचं उत्तर "काही नाही" असेल तर ते पैसे दातांच्या डॉक्टरांना द्या, फ्लोराइड लावून घ्या, थायरॉइड तपासून घ्या. मानेवर रेडिएशन झालेल्यांचा थायरॉइड मंदावतो, माझा दीड वर्षात मंदावला. आणि चाचपणीची तारीख चुकवू नका. असा एखादा अभ्यास कुणी घेऊन आलं तर मात्र कागद नीट वाचून सही जरूर करा.

गेल्या पावसाळ्यात दोन वर्षांची, शेवटची नळी दिली. लाळ यावेळी वीस मिनिटांत झाली. रक्त घ्यायला तोच पोरगा होता, आता सराईत झालेला. पट्टी सैल बांधली, बटरफ्लाय घातली, पट्टी लगेच सोडली. नळी भरल्यावर हलकेच उलटवत मोजू लागला. मीही मनातल्या मनात मोजत होते. आठ झाल्यावर त्यानं पेन काढलं आणि घड्याळाकडं बघितलं.

"नऊ वाजून दहा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं, आणि मगच नळी स्टँडमध्ये ठेवली.